नारायण पेठ ते बालेवाडी : आपल्या स्टेडियमला दहापैकी किती?

पुण्यातल्या फुटबॉलवेड्या माणसाला तुमचं होम ग्राउंड कसंय असं विचारून बघा, तो आधी रस्त्याबद्दल बोलेल. मैदान, खुर्च्या, लाइट, टीम हे सगळं नंतर. बालेवाडीच्या स्टेडियममध्ये ज्यांनी मॅचेस बघितल्यात त्या सगळ्यांचं हेच, आणि मला ते शंभर टक्के पटतं, कारण तुम्ही घरातून निघता तिथून घरी परत येता तिथपर्यंत सगळा स्टेडियमचाच अनुभव असतो, नुसती ती ९० मिनिटं नसतात.

ज्या संध्याकाळबद्दल लिहितोय ती ७ मार्च २०१८ ची. आपली टीम एफसी पुणे सिटी पहिल्यांदाच आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) प्लेऑफमध्ये, म्हणजे लीगनंतरच्या बाद फेरीत पोचली होती, चौथा नंबर, आणि सेमीफायनलचा पहिला लेग (दोन मॅचपैकी पहिली) आपल्या घरी, समोर बंगळुरू एफसी, म्हणजे लीगमध्ये टॉपला राहिलेली टीम. बुधवार होता. मॅच आठची. बुधवारी आठची मॅच म्हणजे ऑफिस सुटायच्या ट्रॅफिकमधून बाणेर रोड पार करायचा, पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

माझा मामेभाऊ कोल्हापूरहून येणार होता खास मॅचला. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉलसाठी आग्रह करावा लागत नाही हो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ ही नावं ऐकतच ती पोरं मोठी होतात, तालमीची टीम म्हणजे घरचीच टीम, आणि शाहू स्टेडियम एकदम गावात, जेवून उठायचं आणि चालत जायचं. भाऊ प्रोफेशनल लीगची मॅच पहिल्यांदाच स्टेडियममध्ये बसून बघणार होता, त्यामुळे त्याला आपलं स्टेडियम कसं वाटतं याची मला जाम उत्सुकता होती.

तर झालं असं की कोल्हापूरहून मुंबईकडं जाणाऱ्या खाजगी गाड्या बायपासनं येतात, कात्रज, वारजे, चांदणी चौक करत, आणि बालेवाडीचं संकुल त्या हायवेला लागूनच आहे. भाऊ दुपारी कोल्हापूरहून बसला आणि थेट स्टेडियमपाशी उतरला. मी नारायण पेठेतून साडेपाचला गाडी काढली, लकडी पूल, डेक्कन, गणेशखिंड, विद्यापीठ चौकात (तेव्हा तिथला जुना उड्डाणपूल होता, तो २०२० मध्ये पाडला) बराच वेळ एकाच जागी, मग बाणेर रोडचे सिग्नल. एका सिग्नलला फोन वाजला, "दादा, मी पोचलो, कुठायस?" मी म्हटलं अजून बाणेर गाव पण आलं नाही. घरापासून स्टेडियम १४-१५ किलोमीटर असेल फारतर. पण पेठेतला माणूस, कॅम्पातला माणूस, हडपसरचा तर विचारूच नका, यांच्यासाठी आपल्याच शहरातली मॅच हा एक प्रवास असतो, आणि परगावच्या माणसाला हायवेमुळे ते स्टेडियम सोपं पडतं. याचं मला खरंच वाईट वाटतं. हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलं तेव्हा बालेवाडी-म्हाळुंगे म्हणजे शेतंच, जागा मुबलक, आणि शहर तिथपर्यंत येईल असा हिशोब असणार. शहर आलं, टॉवर आले, आयटी आलं, पण मॅच सुटल्यावर माणसांना परत नेणारी सोय तेवढी आली नाही.

बाहेर मात्र माहोल भारी होता. सर्व्हिस रोडच्या कडेला जर्सी विकणारे, गालावर केशरी पट्टे काढून घेणारी शाळकरी पोरं, ऑरेंज आर्मीवाले, म्हणजे आपल्या टीमचे पक्के फॅन, ड्रम घेऊन आधीच सुरू झालेले. गेटवर तपासणी कडक. पाण्याची बाटली नाही, पॉवर बँक नाही, आणि सुट्टी नाणीसुद्धा नाहीत, मैदानात फेकतील म्हणून. भावाच्या खिशात बरीच चिल्लर होती, ती सगळी त्यानं गेटवरच्या खोक्यात टाकली आणि आत शिरला, एकदाही मागं न बघता. आमच्या पुढं एक आजोबा होते, त्यांची गोळ्यांची डबी त्या सिक्युरिटीच्या मुलीनं उघडून बघितली, बंद केली आणि "सावकाश जा काका, पायऱ्या आहेत" म्हणाली. एवढ्या गर्दीत एवढं बोलायला वेळ काढला तिनं, मला फार बरं वाटलं.

आणि मग तो जिना. ज्यांनी फ्लडलाइटमध्ये फुटबॉलचं मैदान प्रत्यक्ष बघितलं नाही त्यांना मी नेहमी सांगतो की एकदा तरी त्यासाठी जा. खालच्या अंधाऱ्या पॅसेजमधून वर आलात की एकदम तो हिरवा रंग अंगावर येतो, टीव्हीवर कधीच तसा दिसत नाही, पाणी मारलेलं गवत चमकत असतं आणि वॉर्मअप करणारे खेळाडू बॉलला लाथ घालतात तो धप्प आवाज पाय लागल्याच्या क्षणानंतर किंचित उशिरानं कानावर येतो. भाऊ जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबला, मागच्या लोकांनी ढकलल्यावर पुढं सरकला. खुर्च्यांवर धूळ होती, आम्ही पेपर घालून बसलो.

बसल्यावर मात्र त्यानं पहिली तक्रार केली आणि ती बरोबर होती. बालेवाडीचं मुख्य स्टेडियम हे मुळात ॲथलेटिक्सचं आहे, २०१३ ची आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा इथंच झाली, त्यामुळे मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक. प्रेक्षक आणि टचलाइन (मैदानाच्या कडेची रेघ) यांच्यामध्ये तेवढं अंतर कायम. "आमच्याकडं बॉल बाहेर आला की माणसं हातानं परत देत्यात, हितं तर मधी हायवेच हाय की!" गोलच्या मागं बसलात तर समोरचा गोलपोस्ट फारच लांब पडतो, पलीकडं गोंधळ चालू असला की कोण पडलं, कुणी ढकललं काही कळत नाही, मग सगळे आपापसात विचारत बसतात. बाजूच्या स्टँडमध्ये बरंय. आणि एक आहे, स्टेडियम लहान आहे, १२ हजारांच्या आसपास माणसं बसतात, त्यामुळे अर्धं जरी भरलं तरी आवाज घुमतो. साठ हजारांच्या स्टेडियममध्ये दहा हजार लोक बसलेले बघायला मला नाही आवडत, ओकं वाटतं. आपलं हे बरंय.

मॅच गोलशून्य सुटली. पण काय मॅच होती राव! बंगळुरूच्या सुनील छेत्रीला बॉल मिळाला की अख्ख्या स्टँडमध्ये एक वेगळीच चुळबुळ, लोक शिट्ट्या मारायचे आणि त्यातच शेजारचा कुणीतरी हळूच म्हणायचा की काय प्लेयर आहे. आपल्याला कॉर्नर मिळाला की सगळे उभे. मार्सेलिन्हो, अल्फारो ही आपल्या खेळाडूंची नावं पेठेतली, पिंपरीतली, खराडीतली पोरं एका सुरात ओरडतायत, कुणी कुणाला ओळखत नाही, पण पुणे पुणे म्हणून एकत्र ओरडायला या शहरात दुसरी जागा कुठली होती सांगा मला.

हाफटाइमला मी आजूबाजूच्यांना विचारत सुटलो की आपल्या स्टेडियमला दहापैकी किती देणार. ते गोळ्यांच्या डबीवाले काका कॅम्पातले निघाले, पुणे एफसी (ही पुण्याची आधीची, वेगळी टीम) असल्यापासून येतायत. पुणे एफसी २०१२-१३ ला आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, दुसरी आली होती तेव्हाच्या मॅचेस त्यांनी इथंच बघितलेल्या, तेव्हा माणसं कमी असायची म्हणे पण सगळे चेहरे ओळखीचे. ते म्हणाले मैदानाला आठ, येण्याजाण्याला दोन. आमच्या मागं वाकडचं एक जोडपं होतं, मुलीला खांद्यावर घेऊन आलेलं, घर जवळच, त्यांनी क्षणाचाही विचार न करता नऊ दिले. कॉलेजची चार पोरं होती, ती मार्कांपेक्षा शेवटच्या बसचाच विचार करत होती आणि ऐंशीव्या मिनिटाला खरोखर उठून गेली. सेमीफायनल, शून्य-शून्य, दहा मिनिटं बाकी, आणि फुटबॉलवर जीव असलेली पोरं बससाठी उठतात. मला तेव्हा इतकं लागलं ते. जवळ राहतो त्याचा नऊ, लांब राहतो त्याचा पाच, स्टेडियम तेच.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. वडापाव थंड, दाम गरम, पाणी ग्लासातून, रांग लांब. टॉयलेट पहिल्या हाफमध्ये ठीक, दुसऱ्या हाफनंतर बायकांनी काय करायचं हा प्रश्नच. माझी बायको एकदाच आली होती आणि नंतर याच कारणासाठी आली नाही, तिला मॅच आवडली होती.

मॅच सुटल्यावर खरा कस लागतो. दहाच्या सुमारास हजारो माणसं एकदम सर्व्हिस रोडवर, रिक्षावाले मीटरचं नावसुद्धा घेत नाहीत, गाड्यांचे हॉर्न, आणि शाळकरी पोरं झेंडे गुंडाळून चालत निघालेली. आम्ही गाडीवर होतो म्हणून सुटलो. येताना बाणेर रोड रिकामा, भाऊ मागं बसून मॅचचा एकेक मूव्ह परत सांगत होता. त्यानं सात दिले. म्हणाला, "आतलं लई भारी, नाद खुळा, पण दादा, तुमचं स्टेडियम तुमच्या गावात न्हाई."

चार दिवसांनी बंगळुरूला दुसरा लेग झाला, आपण ३-१ नं हरलो, छेत्रीची हॅट्ट्रिक. आणि २०१९ मध्ये तर टीमच बंद झाली, आपल्या जागी लीगमध्ये हैदराबाद आलं. त्याआधी पुणे एफसी गेली, भारत एफसी एका सीझनमध्ये गेली, डीएसके शिवाजियन्स गेली. चारही टीम याच मैदानावर खेळल्या. फ्रान्सच्या ट्रेझेगेसारखा वर्ल्ड कप जिंकलेला माणूस या गवतावर पुण्याकडून खेळला, २०१४ ला, हे आता नवीन पोरांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. आपल्या टीममधला विशाल कैथ गेला, आशिक कुरुनियन गेला, दुसऱ्यांच्या जर्सीत खेळताना बघितलं की मी अजून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतो.

मैदान वाईट असतं तर एक वेळ समजलं असतं. २०२२ च्या महिला आशियाई कपच्या दोन्ही सेमीफायनल बालेवाडीला झाल्या, चीन-जपान २-२ आणि मग पेनल्टीवर चीन, काय थरार होता, मी टीव्हीवर बघितली आणि प्रत्येक वेळी कॅमेरा स्टँडवर गेला की आम्ही कुठं बसायचो ते शोधत होतो. संकुल जिवंत आहे. पुणेरी पलटणची कबड्डी २०२४ ला तिथंच झाली, टेनिसची एटीपी स्पर्धा पण काही वर्षं तिथं झाली. मध्यंतरी कबड्डी बघायला गेलो होतो, हॉल तुडुंब, पोरं बेभान. म्हणजे पुणेकर बालेवाडीपर्यंत जातो, त्याला न्यायला टीम पाहिजे.

आणि रस्त्याचं म्हणाल तर आता हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोच्या मार्गावर बालेवाडी स्टेडियम नावाचं स्टेशनच आहे. मॅचनंतर चालत स्टेशनवर जायचं आणि शिवाजीनगरला उतरायचं, एवढं जमलं तरी कॅम्पातल्या काकांचा दोनचा सात होईल, आणि ती चार पोरं ऐंशीव्या मिनिटाला उठणार नाहीत.

माझे मार्क विचाराल तर मैदानाला आठ, ट्रॅकमुळे एक कमी करून सात, लोकांना दहा, रस्त्याला तेव्हाचे तीन. आणि उद्या कुणी पुण्यात परत टीम काढणार असेल तर त्यांना माझं मनापासून सांगणं आहे की परदेशी स्टार नंतर आणा, आधी मॅच शनिवार-रविवारी ठेवा, डेक्कन, स्टेशन आणि पिंपरीहून जाण्यायेण्याच्या बस सोडा, त्यांची वेळ तिकिटावर छापा, आणि बायकांची टॉयलेट दुसऱ्या हाफमध्ये पण साफ करायला माणूस ठेवा. सीझन तिकीट मी पहिल्याच दिवशी काढीन, भावाचं पण.