आमची वाटचाल: टाचेपासून गुडघ्यापर्यंत

आमच्या पाटीवर 'गुडघेदुखीवर हमखास उपाय' असं कधी लिहिलं नाही. समोरच्याने लिहिलं, आणि तेही दिव्यांच्या अक्षरांत. त्याची हकीकत पुढे येईलच. आम्ही बूट विकतो, बुटात घालायचे इनसोल बनवतो आणि बुटाने ज्याचं काम होणार नाही त्याला तसं सांगून परत पाठवतो. या तिसऱ्या कामाचा एक रुपया मिळत नाही, पण धंदा टिकला तो त्याच्याच जोरावर.

पुण्यात पळणं काही नवीन नाही. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 पासूनची. पण तेव्हा पळणारा म्हणजे खेळाडू. पुढे आयटीतली चाळिशीची मंडळी पहाटे टेकड्यांवर पळू लागली आणि महिन्या-दोन महिन्यांत गुडघा धरून दुकानांत शिरू लागली. दुकानदार त्यांना सगळ्यात जाड, सगळ्यात मऊ आणि सगळ्यात महाग जोड काढून द्यायचे. त्या सुमारास टिळक रोडच्या मागच्या एका गाळ्यात आम्ही सुरुवात केली.

पहिले भागीदार म्हणजे आमचे मास्तर. कृत्रिम पाय आणि अधू पायाला आधार देणारे कॅलिपर बनवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. वानवडीचं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासूनचं, त्यामुळे ही कारागिरी शहराला परकी नव्हती. बुटांच्या धंद्यात मात्र तिला कोणी विचारत नव्हतं. मास्तरांची रापी (चामडं कापायची सुरी), पावलाच्या आकाराचे लाकडी फरमे आणि लोखंडी तिवई अजून रोज वापरात आहेत. त्यांची पद्धतही तीच आहे. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, गुडघा घोट्याच्या बरोबर वर आणायचा आणि आपल्या हाताने त्याचं पाऊल फोमच्या पेटीत दाबायचं. उभं राहून ठसा घेतला की पावलाची कमान चपटी होते आणि साचाही चपटाच निघतो. त्या ठशात प्लास्टर ओतायचं, सुकल्यावर घासून गुळगुळीत करायचं, ओव्हनमध्ये मऊ केलेली ईव्हीएची (बुटांत वापरतात त्या हलक्या फोमची) शीट त्यावर दाबून बसवायची आणि पूर्ण गार होईपर्यंत हलवायची नाही. इथे सगळे घाई करतात. कोमट असताना उचललेली शीट कमानीपाशी हळूच बसते, दिसायला ठीक दिसते, आणि गिऱ्हाईक महिन्याभराने म्हणतं, "काही फरक नाही हो."

मग बफिंगच्या, म्हणजे घासायच्या चाकावर शीटची जाडी टाचेखाली साधारण 6 मिमी ठेवून चवड्याच्या पुढे 2 मिमीपर्यंत उतरवायचं. टाचेखाली याहून जाड ठेवलं तर पाऊल बुटाच्या वर येतं, मागची कड टाच धरत नाही आणि प्रत्येक पावलाला टाच निसटते. तळाची बाजू काचेवर ठेवून बघायची. डुगडुगली तर पुन्हा चाकावर. वरचं कापड चिकटवताना सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाच्या पाठीला चिकटेनासं झालं की जोडायचं. पावसाळ्यात जास्त थांबावं लागतं. नाहीतर कमानीच्या खोलगट भागात कापड फुगतं आणि त्या फुग्याने फोड येतो.

पण सगळ्यात कामाचं हत्यार मुठीत मावणारं आहे: शोअर मीटर, म्हणजे मालाचा कठीणपणा मोजणारं यंत्र. शीटचा व्यापारी 'सॉफ्ट, मिडियम, हार्ड' एवढंच सांगतो आणि एकाच गठ्ठ्यातल्या दोन शीट वेगवेगळ्या निघतात. तळाच्या थराला आम्ही शोअर ए मापावर (आकडा मोठा तितका माल कडक) 45 ते 50 घेतो, वरच्या थराला 25 ते 30. त्याहून मऊ फोम अंगठ्याने दाबायला छान वाटतो, म्हणून खपतो. पण ऐंशी किलोच्या माणसाच्या टाचेखाली लवकरच बसतो तो परत वर येत नाही. मीटर लावतानाही रीत आहे: माल निदान 6 मिमी जाड हवा, कडेपासून 12 मिमी आत टोचायचा. पातळ शीटला लावला तर खालच्या टेबलाचा कठीणपणा मोजला जातो आणि व्यापारी जिंकतो.

मग समोर ते दुकान आलं.

काचेचा दर्शनी भाग, एसी, आत दाबाची नोंद घेणारी चटई आणि तिला जोडलेला मोठा पडदा. 'फूट स्कॅन मोफत.' त्या चटईवर उभं राहायचं, पडद्यावर लाल-पिवळा-निळा तळवा उमटायचा, छापील कागद निघायचा: तुमचं पाऊल सपाट, तुमचं मध्यम, तुमचं उंच कमानीचं. त्यावरून बूट आणि 'खास तुमच्यासाठी बनवलेला' इनसोल. हे इनसोल तीन मापांत तयार येत, वर गिऱ्हाइकाच्या नावाचं स्टिकर लागे. आमच्याकडे ते दुरुस्तीला आले तेव्हा स्टिकर सोलून मापाचा शिक्का आम्ही स्वतः वाचला आहे. आमच्याबद्दल तिथे सांगितलं जायचं, "त्यांच्याकडे मशीन नाही, ते मोचीकाम करतात." मोचीकामच करतो. ते ज्याला येत नाही त्याने इनसोल विकू नये, असं आमचं तेव्हाही मत होतं, आजही आहे.

मॅरेथॉनच्या ऐन हंगामात दुकान ओस पडलं. हाताखाली तयार झालेला मुलगा जास्त पगारावर समोर गेला. भाडं थकलं, शीटवाल्याने उधारी बंद केली, गाळा सोडायचं जवळजवळ ठरलं होतं. मास्तरांनी स्वतःचा हिस्सा उचलणं थांबवलं, म्हणून ते वर्ष निघालं. समोरच्याचा राग त्या भाड्यापेक्षा दुसऱ्या गोष्टीसाठी जास्त आहे. चटईवरचा स्कॅन उभ्या माणसाचा असतो. पळताना एका पायावर शरीराच्या वजनाच्या अडीच पटीच्या आसपास भार येतो आणि गुडघा वाकलेला असतो. चटईला गुडघा दिसतच नाही. अमेरिकेच्या सैन्यातल्या भरती जवानांवर याची मोठी तपासणी झालेली आहे. एका गटाला कमानीच्या आकारावरून बूट दिले, दुसऱ्याला सरसकट एकाच जातीचे. दुखापतीत म्हणावा असा फरक पडला नाही. हे आम्ही तेव्हाही सांगत होतो, पण रंगीत कागदापुढे कोण ऐकतो!

कागदापेक्षा मोठा उपद्रव पाचरीचा होता. गुडघ्याची आतली बाजू झिजली की बाहेरच्या कडेला उंच असा इनसोल देतात, म्हणजे भार थोडा बाहेर सरकेल. कल्पना जुनी आहे, जपानमधून आलेली, आणि मोजमापात आतल्या बाजूचा भार थोडा उतरतो हे खरं. पण दुखणं उतरतं का? मेलबर्नमध्ये 200 रुग्णांना वर्षभर 5 अंशांची पाचर किंवा साधा सपाट इनसोल देऊन बघितलं. निकाल 2011 साली आला, दुखण्यात फरक नाही. आता हिशेब करा. टाचेची रुंदी 60 मिमी धरली तर 5 अंश म्हणजे बाहेरची कड सव्वापाच मिमी उंच. एवढ्या उतारावर दिवसभर चाललं की घोट्याची बाहेरची बाजू भरून येते, बूट आतल्या बाजूला कलतो, आणि ज्याचं पाऊल मुळातच आत झुकतं त्याचा घोटाच ती पाचर गिळून टाकतो, गुडघ्यापर्यंत काही पोचत नाही. गुडघे एकमेकांना घासणाऱ्या माणसाची बाहेरची बाजू झिजलेली असेल, तर ही पाचर उलट त्याच बाजूवर भार टाकते. समोरून पाचर घेतलेली माणसं लंगडत आमच्याकडे यायची. आम्ही ती काढून सपाट, टाच नीट धरणारा तळ बसवून द्यायचो. घासायचे पैसे घेतले, सल्ल्याचे नाही.

याच काळात कोथरूडच्या काकू टिकून राहिल्या. उजव्या गुडघ्याची आतली बाजू झिजलेली, रोज तळजाई टेकडीला फेरी. इनसोल बरा आहे म्हणाल्या आणि पुढे ऐकवलं, "अहो, बूट माझ्या पायात तास-दीड तास. उरलेला दिवस मी ओट्यापुढे अनवाणी उभी, त्याचं काय करता?" परदेशी पुस्तकांत याचं उत्तर सापडत नाही, कारण तिथली पुष्कळ माणसं घरातही बूट घालतात. मास्तरांना एमसीआरची सवय होती. कुष्ठरोग आणि मधुमेहाच्या रुग्णांच्या पायांसाठी हे सूक्ष्म छिद्रांचं रबर आपल्याकडे कितीतरी वर्षं वापरात आहे. आम्ही खाली कडक तळ, त्यावर एमसीआर आणि मागे पट्टा अशी घरातली चप्पल बनवली. मागचा पट्टा महत्त्वाचा. नुसत्या अंगठ्याच्या चपलेत ती पडू नये म्हणून बोटं सतत आवळली जातात, पाऊल घासत पडतं आणि ओल्या फरशीवर घसरतं. काकूंनी सोसायटीतल्या बायकांना आणलं, त्यांनी आपापल्या नणंदा-जावांना. भाडं त्या चपलांनी भरलं. पळणाऱ्यांच्या दुकानाला वाचवलं ओट्यापुढच्या बायकांनी, हे लिहून ठेवतो. समोरचं दुकान पुढे बंद झालं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

त्यानंतरची वर्षं बरी गेली.

आता विचारलं नाही तरी सांगतो. गुडघा दुखतो म्हणून येणाऱ्या बहुतेकांना इनसोल लागत नाही, बूट लागतो, आणि पुष्कळदा नुसतं माप बदलावं लागतं. पाऊल संध्याकाळी सुजलेलं असतं, तेव्हाच मोजायचं, दोन्ही पाय, उभं राहून. सर्वांत लांब बोटापुढे 10 ते 12 मिमी जागा हवी. यूके मापात एक नंबर वाढला की लांबी साधारण साडेआठ मिमी वाढते, अर्धा नंबर म्हणजे सव्वाचार. या अर्ध्या नंबरावर दुकानदार कंजुषी करतात. बुटाची मागची कड चिमटीत दाबा, पटकन वाकली तर तो जोड घेऊ नका. टोक आणि टाच धरून बूट पिळा. टॉवेलसारखा पिळला गेला तर झिजलेल्या गुडघ्याला तो नको. मोडला पाहिजे तो चवड्यापाशी, मधोमध नाही. झिजेच्या दुखण्यावर मेलबर्नमध्येच 164 जणांची तुलना झाली आणि 2021 साली छापून आली: पातळ, लवचीक बुटांपेक्षा आधार देणाऱ्या स्थिर बुटांत चालताना दुखणं जास्त जणांचं कमी झालं. मऊपणा म्हणजे आराम, हे दुकानात दोन मिनिटं उभ्या असलेल्या माणसाचं मत असतं.

पळणाऱ्यांचं वेगळं. गुडघ्याच्या वाटीच्या मागे, जिने उतरताना दुखत असेल तर टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक बघा. 10-12 मिमी फरकाचा बूट भार गुडघ्याकडे ढकलतो, 4 मिमीच्या आतला पोटरीकडे. म्हणून एकदम 12 वरून शून्यावर उडी मारली की गुडघा शांत होतो आणि पंधरा दिवसांत टाचेची शीर धरते. 8 वर या, थोडं पळा, मग बघा. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे पावलं जवळ टाकणं. मिनिटाला 160 पडत असतील तर वेग तोच ठेवून 168 ते 176 करा, गुडघ्यावरचा भार कमी होतो. वाटीच्या दुखण्यात तयार इनसोलनेही पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांना आराम पडतो. पण घालताच लगेच बरं वाटलं तर ठेवा, नाही वाटलं तर तो 'सवयीने बरा होईल' म्हणून वापरत राहू नका. इनसोल घालताना बुटातला मूळ सुकतळा आधी काढा. एकावर एक घालणारे महाभाग दर आठवड्याला येतात. पहिल्या दिवशी एक तास, मग रोज तासाने वाढवा, आणि दिवसभर चालून काही टोचलं नाही तरच पळा.

बूट 500 ते 800 किलोमीटर चालतो. त्याची झीज तळाला दिसायच्या आधी मधल्या फोमच्या बाजूला आडव्या सुरकुत्यांत दिसते. टाचेची बाहेरची कड झिजणं ही तक्रार नाही, जवळजवळ सगळ्यांची तिथेच झिजते. पॉलियुरेथेन या दुसऱ्या जातीच्या फोमच्या तळाचे जोड 'पुढच्या पावसाळ्यासाठी' कपाटात ठेवू नका; दमट हवेत तो तळ आतून कुजतो आणि सिंहगडाच्या अर्ध्या वाटेवर चुरा होऊन पडतो. ईव्हीएचं तसं होत नाही, ते फक्त बसतं.

गुडघा सुजलेला असेल, मध्येच अडकत असेल, चालताना दगा देत असेल किंवा रात्री दुखून जाग येत असेल, तर आमच्याकडे येऊ नका, अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिका. ते आम्ही विकत नाही. वजनाचं सांगितलं की लोक रागावतात, तरी सांगतो: एक किलो उतरला की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार उतरतो. इतकं काम करणारा इनसोल मास्तरांनाही जमला नसता.

यायचंच असेल तर संध्याकाळी या, पळताना घालता तेच मोजे घालून. जुना जोड आणा, धुऊन नको, कारण तळाला बसलेली माती कुठे कमी आणि कुठे जास्त आहे तेच आधी बघायचं असतं. घरातली चप्पलही पिशवीत टाका.