मधे गारढोण

कालचा भात मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं फिरवून सासूबाईंच्या ताटात वाढला. पहिल्याच घासाला बोटं थबकली. "अगं, कडेला चटका बसतोय आणि मधे गारढोण आहे हा!" मी निमूटपणे भात परत वाडग्यात घेतला, ढेकळं फोडली, मधे खळगा केला, पाण्याचा हबका मारला आणि पुन्हा लावला.

अशा वेळी फिरणाऱ्या तबकडीकडे बघत उभं राहण्यापलीकडे काम नसतं. मग मला ग्राइफ्सवाल्ड आठवतं. उत्तर जर्मनीतलं बाल्टिक समुद्राजवळचं गाव. मी कधी गेलेले नाही. तिथे व्हेंडेलश्टाइन ७-एक्स नावाचं संलयनाचं, म्हणजे सूर्यासारखं अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवण्याच्या प्रयोगाचं यंत्र आहे आणि त्याची मुख्य शेगडी मायक्रोवेव्हचीच आहे. फरक एवढाच, की त्यांना आतला वायू बरोबर मधोमध तापवता येतो.

आमच्या खोक्यातल्या लहरी सुमारे १२ सेंटिमीटर लांबीच्या. भिंतींवर आपटून त्या एकमेकींत मिसळतात. कुठे जोर दुप्पट, कुठे शून्य. म्हणून ती तबकडी. त्यातून ज्या लहरी भातात शिरतात, त्या कडेलाच बऱ्याचशा संपतात. या लहरींनी म्हणे पाण्याच्या रेणूचा खास सूर पकडलेला असतो. मीही कैक वर्षं तसंच समजत होते. तसं काही नसतं. ओव्हन रेणूंना नुसता घुसळतो.

सूर जुळवतात ते ग्राइफ्सवाल्डला. तिथल्या तापलेल्या वायूत अणूंपासून सुटलेले इलेक्ट्रॉन चुंबकाच्या पकडीत फुगड्या घालतात आणि फुगडीचा वेग चुंबकाच्या जोरावर ठरतो. टेस्ला हे चुंबकाचा जोर मोजायचं माप; २.५ टेस्लाला सेकंदात ७० अब्ज गिरक्या. लहरी सोडायच्या त्याच्या बरोबर दुप्पट तालात, १४० गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४० अब्ज कंपनांच्या. यंत्रात सगळीकडे चुंबकाचा जोर सारखा नसतो. जिथे तो २.५ टेस्ला, तिथेच ताल जुळतो, तिथेच ऊर्जा मुरते. बाकीच्या जागेतून लहर जवळपास पाहुण्यासारखी निघून जाते. हे वाचलं त्या दिवशी मला आमच्या ओव्हनचा खरोखर राग आला होता.

या लहरी ज्यातून निघतात त्या नळीला जायरोट्रॉन म्हणतात. एकेकीची ताकद सुमारे १ मेगावॅट, म्हणजे माझ्या ओव्हनसारख्या हजारभर ओव्हनची. तिची खिडकी काचेची चालत नाही, तापून तडकेल. म्हणून प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याची, तळहाताएवढी चकती बसवतात. (सासूबाईंच्या कुड्यांतले हिरे आठवून मी गप्प बसले.) तिथून पुढे आरशांवरून आरशांवर उड्या मारत लहर यंत्रात पोचते.

विस्तव पेटवायचं कामही तिचंच. १० डिसेंबर २०१५ला आत फक्त १ मिलिग्रॅम हेलियम होता. त्यातल्या चुकार इलेक्ट्रॉनांना लहरीने पळवलं, ते अणूंवर आदळले, आणखी इलेक्ट्रॉन सुटले आणि प्लाझ्मा, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉनांचा तापलेला वायू, पेटला. सेकंदाचा दहावा भाग टिकला, पण १० लाख अंशांवर गेला. पुढच्या फेब्रुवारीत हायड्रोजनची पाळी. बटण दाबलं जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सलर अंगेला मेर्केल यांनी, ज्या मूळच्या भौतिकशास्त्राच्याच. तेव्हा ८ कोटी अंश!

प्लाझ्मा घरच्या ओव्हनमध्येही पेटतो, द्राक्षावर. अर्धं कापलेलं, सालीच्या पुलाने जोडलेलं द्राक्ष आत ठेवलं की लखकन ठिणगी उडते. सगळे म्हणायचे, करामत त्या पुलाची. २०१९मध्ये कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं, की नुसती चिकटून ठेवलेली दोन अख्खी द्राक्षंही पुरतात. पाण्यात लहर आखडून द्राक्षाच्या आकाराची होते, आतच अडकते आणि दोघांच्या स्पर्शबिंदूपाशी तिचा सगळा जोर एकवटतो. नाशिकची द्राक्षं घरात असूनही मी हे केलेलं नाही. ओव्हन जातो म्हणतात, आणि सासूबाईंना सांगणार काय?

२०२३मध्ये ग्राइफ्सवाल्डला प्लाझ्मा सलग ८ मिनिटं तेवत ठेवला. माझं एक मिनिट संपलं, टिंग झालं. वाडगा काढला, मधे बोट घालून पाहिलं. चांगला वाफाळता होता.

तोवर सासूबाईंनी आमटी नुसतीच पिऊन टाकली होती.