कर्मकालवा

प्रकाशकांनी फाइल पाठवताना सोबत एवढंच लिहिलं होतं: ‘भाषा जरा चमत्कारिक आहे, बघून घ्या.’ आमच्या धंद्यात या वाक्याचा अर्थ ‘पैसे मुद्रितशोधनाचे, काम पुनर्लेखनाचं’ असा होतो. लेखक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी शेतकऱ्यांना पाळीनं सोडणारे. सगळी नोकरी नीरा डाव्या कालव्यावर गेलेली. हा कालवा इंग्रजांनी १८८०च्या दशकात काढला. बारामतीकडून तो इंदापूरकडे जातो, आणि वरच्या अंगाला ऊस असल्यामुळे टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडच्या, शेतकऱ्याचं आयुष्य वाट बघण्यात जातं. अशा माणसाची आठवणींची वही म्हणजे सोनंच. मी आनंदानं फाइल उघडली.

पहिल्या पानावर वाचलं: ‘मी खात्याचा साधा कर्मकालवा.’

क्षणभर वाटलं की हा काही जुना हुद्दा असेल. सरकारी खात्यांत काहीही असू शकतं. पण खाली ‘कालवा बाजूंनी अंधार’ होता, त्याच्या पुढे ‘रात्री दोनला कालवा फुटली’, आणि दोन परिच्छेद सोडून कुणाची तरी ‘बिकालवा म्हातारी आई’. तिथं लख्ख उजेड पडला. ‘चारी’ (कालव्यातून शेतांकडे जाणारा छोटा पाट) हा शब्द जिथे जिथे होता तिथे ‘कालवा’ आला होता. कर्मचारीतली चारी, चारी बाजूंतली चारी, बिचारीतली चारी, सगळ्यांना एकच न्याय.

प्रकाशकांना फोन केला. त्यांचा संशय डीटीपी करणाऱ्यावर. मला ते पटेना. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर आणताना जी मोडतोड होते तिची एक ओळखीची तऱ्हा असते: रफार पुढच्या अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी भलत्या ठिकाणी बसते, ‘ऱ्य’ची वाट लागते. इथे एकही अक्षर मोडलं नव्हतं. मोडला होता तो अर्थ.

मग मी ‘पाणी’ शोधलं. पाटकऱ्याच्या पुस्तकात पाणी एकदाही नाही! पहिल्या प्रकरणात ‘नीर’, दुसऱ्यात ‘जल’, तिसऱ्यात ‘उदक’, चौथ्यात ‘जीवन’. ‘नीरपट्टी भरा म्हणून दवंडी दिली’, ‘गावात उदकवापर संस्था निघाली’, ‘जीवन सोडायला गेटवर गेलो’. पण ‘पाण्याला’, ‘पाण्यात’, ‘पाण्यासाठी’ हे सगळे शब्द जागच्या जागी, धडधाकट. ही खूण पुरेशी होती. माणूस शब्द बदलतो तेव्हा पाण्याचंही नीराचं करतो. यंत्राला फक्त ‘पाणी’ ही अक्षरं दिसतात. ‘पाण्या’मध्ये ती नाहीत, म्हणून ती वाचली. ‘चारीत’, ‘चारीवर’ यांत ‘चारी’ अखंड राहते, म्हणून तिथं ‘कालवात’, ‘कालवावर’ असं झालं. कुणीतरी समानार्थी शब्द बघून ‘सगळे बदला’चं बटण दाबलं होतं, आणि दर प्रकरणाला नवा शब्द घेतला होता.

इंग्रजीत हे बटण तितकंसं धोक्याचं नाही, कारण ‘फक्त पूर्ण शब्द’ अशी खूण केली की बहुतेक वेळा भागतं. मराठीत ती खूण केली तर पाणीच, पाणीसुद्धा, पाणीपट्टी सुटतात; नाही केली तर कर्मचाऱ्याचा कालवा होतो. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात, त्यात सामान्यरूपानं शब्दाचं अंगही बदलतं. वर ‘शेतकऱ्या’तला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकता येतो; डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणाली याच चिखलात रुततात. म्हणून मराठी मजकुराखाली इतक्या तांबड्या रेघा येतात की ‘कर्मकालवा’खाली आलेली रेघ कुणाच्याच लक्षात येत नाही.

मूळ मजकूर कुठे आहे, हे लेखकालाच विचारायला हवं होतं. फोनवर ते म्हणाले, “ताई, तुम्ही या की इकडं. फोनवर मला नीट ऐकू येत नाही.” दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूर रस्त्यानं निघाले आणि जेवणाच्या आधी पोचले.

सगळं गाव त्यांना आबा म्हणतं, मीही तेच म्हटलं. ओट्यावर बसल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि ‘कर्मकालवा’ दाखवला. आबा हसले नाहीत. आत हाक मारून नातवाला बोलावलं. कॉलेजात जाणारा मुलगा, अगदी गोरामोरा झाला. हळूहळू हकीकत कळली. आबा फोनवर बोलत, फोन ते टंकत जाई, आणि तो मजकूर नातवाच्या व्हॉट्सॲपवर जाई. नातू तो एकत्र लावायचा. मग आबांनीच त्याला सांगितलं होतं की एकाच पानावर सारखं सारखं पाणी येतंय, बरं दिसत नाही. फोनमध्ये समानार्थी शब्दांचं ॲप आहे, त्यातून घे आणि बदल.

“आमच्या मास्तरांनी सातवीत निबंधावर लाल शाईनं लिहिलं होतं, पुनरुक्ती टाळावी,” आबा म्हणाले. “ते डोक्यात बसलंय. आणि पुस्तक म्हणजे काय, कुणीपण वाचणार. पाणी पाणी काय करायचं?”

म्हणजे गुन्हेगार सापडला तो खुद्द लेखकच, आणि त्याच्याकडे कारण होतं. हे कारण मला पूर्ण खोटंही ठरवता येईना. शब्दाची पुनरावृत्ती खटकते, हे मी स्वतः लोकांच्या लेखांवर पेन्सिलीनं लिहीत आले आहे.

नातवानं ते ॲप दाखवलं. ‘पाणी’ टाकलं की खाली पट्टी: जल, नीर, उदक, तोय, अंबू, सलिल, पय, जीवन. कुठला शब्द कवितेतला, कुठला श्राद्धाच्या मंत्रातला, कुठला तीनशे वर्षांत कुणी बोलण्यात वापरला नाही, याचा काही पत्ता नाही. अमरकोश या जुन्या संस्कृत कोशात असे शब्द ओळीनं येतात ते पाठ करायला, श्लोक जुळवायला. तो कवींचा संच होता. या ॲपनं तोच संच पाटकऱ्याच्या हातात दिला. मुंबईच्या आयआयटीत मराठीचं ‘शब्दबंध’ नावाचं जे काम झालं आहे, त्यात निदान प्रत्येक अर्थाचा गट वेगळा ठेवलेला असतो. या पट्टीत सगळे अर्थ एकाच ओळीत उभे होते. ‘दारं’ टाकलं तर ‘कवाडं’ आली. आबांनी लिहिलं होतं, ‘उसाला रात्रभर दारं धरली.’ पुस्तकात झालं होतं, ‘उसाला रात्रभर कवाडं धरली.’ ज्यांना शेतातलं माहीत नाही त्यांच्यासाठी: वाफ्याचं किंवा सरीचं तोंड फोडून पाणी आत घ्यायचं, ते भरलं की मातीनं बुजवायचं आणि पुढचं फोडायचं, याला दारं धरणं म्हणतात. हिवाळ्यात रात्री हे काम करणाऱ्याच्या पायांची काय अवस्था होते ते आबांनी मूळ मजकुरात लिहिलेलं होतं. कवाडांमुळे तो परिच्छेद दरोड्याचा वाटत होता.

मी म्हटलं, आबा, आधी तुमचं मूळ ऐकू या. नातू व्हॉट्सॲपवरून वाचू लागला. फोननंही आपले प्रताप केलेच होते. ‘चोपण जमीन’ची (क्षारानं बिघडलेल्या जमिनीची) ‘चोपन्न जमीन’ झाली होती, ‘मोघा’चं (चारीवरून शेताला पाणी घ्यायच्या तोंडाचं) ‘मोगा’ झालं होतं, आणि ‘शेजपाळी’ मधोमध तुटून ‘शेज पाळी’ झाली होती. हा शब्द तुटला की भलताच अर्थ निघतो, म्हणून नातवानं वाचताना ती ओळ गाळली. आबांनी त्याला थांबवून पुन्हा वाचायला लावली. शेजपाळी म्हणजे कुणी कधी पाणी घ्यायचं त्याचा क्रम. खात्याच्या कागदावर ‘शेजपाळी कार्यक्रम’ असा छापून येतो, आणि नमुना नंबर सातवर पाणीमागणी अर्ज भरल्याशिवाय त्यात नाव लागत नाही. त्या क्रमावरून भावाभावांची डोकी फुटलेली आबांनी बघितली होती.

मूळ मजकूर अप्रतिम होता. एका आवर्तनाच्या, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याच्या एका फेरीच्या, वर्णनात पाणी पंधरा-वीस वेळा असेल, आणि एकदाही जड होत नव्हतं. पाणी सुटलं, पाणी पोचलं, पाणी चोरलं, पाणी तुटलं. क्रियापदं बदलत होती. पुनरुक्ती कानाला कळलीच नाही. हे मी आबांना सांगितलं. त्यांचा चेहरा काही हलला नाही. मी शहरातली, मला गावचं बोलणं गोड वाटणारच, असं त्यांच्या मनात असावं. पुस्तकात मात्र पुस्तकी असावं, हा त्यांचा हट्ट कायम.

मग मी दुसऱ्या बाजूनं गेले. वडिलांच्या मोटेचं एक प्रकरण होतं. त्यात त्यांनी बैल चालतात त्या उताराला मुळात ‘धाव’ म्हटलं होतं आणि नंतर, लोकांना पळण्याची धाव वाटेल म्हणून, ‘उतार’ केलं होतं. लॅपटॉपवर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा मोल्सवर्थ, म्हणजे मोल्सवर्थ या इंग्रजाचा मराठी-इंग्रजी कोश, उघडला. दक्षिण आशियातल्या भाषांचे जुने कोश त्यांनी शोधता येतील असे चढवून ठेवले आहेत. १८५७ची मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती तिथे आहे, आणि दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’सुद्धा, जो १९३२पासून १९५०पर्यंत खंडाखंडानं निघत होता. एक खुबी ठाऊक हवी. हे कोश जुन्या लेखनाचे आहेत. न उच्चारले जाणारे अनुस्वार साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी काढले, पण कोशात ते आहेत. आजच्यासारखं ‘धाव’ टंकलं तर हाती काही न लागण्याची शक्यता. ‘धांव’ टंकावं लागतं. अनेक जण इथेच ‘शब्द नाही’ म्हणून कोश बंद करतात.

‘धांव’ निघाला. त्यात विहिरीवरची, बैलांची धाव होती. अर्थ इंग्रजीत, तो मी मराठीत सांगितला. आबांनी चष्मा वर-खाली केला.

“कोणत्या सालचं म्हणालात?”

“अठराशे सत्तावन.”

“आमचा कालवा नव्हता तेव्हा.”

“नव्हता.”

“आणि ह्या साहेबाला आमची धाव माहीत?”

मी सांगितलं की कोश तयार करताना मोल्सवर्थच्या हाताखाली इथलेच शास्त्री आणि पंडित होते. लोकांच्या तोंडचे शब्द गोळा करणं हा त्या कामाचा मोठा भाग होता. आबा थोडा वेळ गप्प होते. मग परीक्षा सुरू झाली. मोट विचारा. आहे. पाट विचारा. आहे. वाफा? आहे. नाडा? आहे. दाते-कर्व्यांत बघा. शेजारचे दोघं येऊन बसले, त्यांनीही शब्द टाकायला सुरुवात केली. जेवण थंड झालं. काही शब्द दोन्हीकडे मिळाले नाहीत. मला वाटलं आबा हिरमुसतील. ते उलट म्हणाले, “मग हे आपल्याच पुस्तकात पहिल्यांदा येऊ देत.”

मला स्वतःला समानार्थी शब्दांची ॲपं टाकाऊ वाटत नाहीत, हेही सांगायला हवं. जिभेवर आहे पण आठवत नाही असा शब्द त्यातून झटकन मिळतो. माझ्या रोजच्या कामाला मी तीच वापरते. न आठवणारा शब्द हुडकायला त्याच्या शेजारच्याचं नाव घेऊन जावं, इतपत ते ठीक आहे. माझा खटका उडतो तो जेव्हा कुणी मुळात बरोबर असलेल्या शब्दाच्या जागी तिथला शब्द उचलतो तेव्हा. आणि सरकारी परिभाषा कोशांचं वेगळंच. भाषा संचालनालयाचे कोश आता संगणकावर आहेत, खात्याचं पत्र लिहायला उत्तम, पण त्यातला शब्द रात्रीच्या पाळीवर घेऊन गेलं तर मोघ्यावरचा माणूस विचारेल, कुठल्या ऑफिसातून आलात?

दुपारी आम्ही ठरवलं की व्हॉट्सॲपवरचा मूळ मजकूर घ्यायचा, फोनच्या चुका नातवानं आबांना विचारून काढायच्या, मी फक्त विरामचिन्हं आणि ऱ्हस्वदीर्घ बघणार. अपरिचित शब्दांचे अर्थ मागे सूचीत. अर्थ कोशातले नकोत, आबा सांगतील तसे. नातवानं तिथल्या तिथे लिहून घ्यायला सुरुवात केली. ‘मोघा: चारीतून शेताकडे पाणी घ्यायची जागा. भांडणाचं मूळ.’ मी त्यातलं दुसरं वाक्य काढलं नाही.

निघताना एकच वाद राहिला. चौथं प्रकरण १९७२च्या दुष्काळाचं आहे. त्यात बदललेल्या मजकुरात वाक्य होतं, ‘त्या वर्षी टेलला जीवन पोचलंच नाही.’ मी ते ‘पाणी’ करायला निघाले होते. आबा म्हणाले, हे राहू द्या. मी म्हटलं, आबा, हे त्या ॲपचं, तुमचं नाही. ते म्हणाले, “ॲपनं दिलं असंल, पण ठेवतोय मी.” बाकीच्या सगळ्या प्रकरणात पाणी आणि एका ठिकाणी जीवन, वाचकाला ते उगाच घातल्यासारखं वाटेल, असं मी म्हणून पाहिलं. त्यांनी मला त्या उन्हाळ्यातली दोन-तीन घरं बोटांवर मोजून सांगितली. मी वाक्य ठेवलं. प्रूफात ते तीनदा वाचलं, तीनही वेळा मला ते बरोबर वाटलं, याचा थोडा राग आहे.

शब्दसूची मात्र हाताबाहेर गेली. आबांनी दुसऱ्या कालव्यांवरच्या निवृत्त पाटकऱ्यांना फोन लावले, त्यांनी आपापल्या भागातले शब्द सांगितले, आणि कुठला शब्द खरा यावरून त्यांच्यात जुंपली. नातू रोज नवी पानं पाठवतोय. प्रकाशकांचा काल फोन आला होता: सोळा पानांचा आणखी एक फॉर्म वाढतोय, त्याच्या कागदाचे पैसे कोण देणार? मी त्यांना आबांचा नंबर दिला.