तुम्ही विचारलेत म्हणून: लॅपटॉप लावूनही ट्रक दोन दिवस का अडकतो?

“आता लॅपटॉप लावला की फॉल्ट स्क्रीनवर दिसतो, मग गाडी दोन-दोन दिवस कशाला ठेवून घेता?” हा प्रश्न मला ट्रकमालक विचारतात, ड्रायव्हर विचारतात आणि लग्नाकार्यात भेटलेले पाहुणेही विचारतात. मी सोलापुरात ट्रक विकणाऱ्या एका डीलरच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे. प्रश्नामागे थोडा संशय असतो, आणि तो मला गैर वाटत नाही. गाडी उभी राहिली म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही, ड्रायव्हरचा भत्ता थांबत नाही, आणि माल भरलेला असेल तर ई-वे बिलाची, म्हणजे माल नेण्यासाठी काढाव्या लागणाऱ्या ऑनलाइन बिलाची, मुदतही चालूच राहते. ती मुदत साधारण दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात, त्यामुळे हैदराबादहून पुण्याला निघालेली गाडी आमच्याकडे दोन दिवस अडकली की मालकाला मुदत वाढवून घेण्याची धावपळही करावी लागते. इतके नुकसान सोसणाऱ्याला उत्तर नीट मिळायला हवे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

लॅपटॉप दाखवतो ते मुख्यतः दोन आकडे असतात, त्यांनाच आम्ही कोड म्हणतो. तक्रार कशाविषयी आहे हे पहिला आकडा सांगतो आणि ती कोणत्या प्रकारची आहे हे दुसरा. ११० म्हणजे इंजिनच्या कूलंटचे तापमान. त्याच्यापुढे ३ असेल, तर सेन्सरकडून येणारे व्होल्टेज असायला हवे त्याहून जास्त आहे. नुसते ११० ऐकून मालकाला वाटते की इंजिन तापले, आता रेडिएटर खोलणार. प्रत्यक्षात इंजिन थंडगार असू शकते, कारण त्या सेन्सरची वायर कुठे तुटली तरी कंट्रोलरला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाला, व्होल्टेज चढलेलेच दिसते. सेन्सर बिघडला तरी तोच कोड, वायर तुटली तरी तोच, आणि कनेक्टरमधली पिन थोडी मागे सरकली तरी तोच. कोड म्हणजे पोलीस पाटलाने दिलेली वर्दी आहे. घटना कुठे घडली एवढे त्यातून कळते, ती कोणी केली हा तपास पुढचा असतो.

या तपासाला किती वेळ लागतो हे एका गाडीवरून सांगतो. चौदा टायरची ती गाडी माल घेऊन हैदराबादकडून येत होती. नळदुर्ग ओलांडल्यावर तिची पॉवर गेली, डॅशबोर्डवर दिवे लागले, आणि ड्रायव्हरने चावी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ती पुन्हा नीट चालू लागली. असे दोन-तीनदा झाल्यावर तो आमच्याकडे वळला. लॅपटॉपवर कोडची रांगच होती. सायलेन्सरच्या कंट्रोलरकडून काही ऐकू येत नाही असे इंजिनचा कंट्रोलर म्हणत होता, इंजिनकडून काही येत नाही असे डॅशबोर्डवरच्या मीटरचे म्हणणे होते, आणि ब्रेकच्या कंट्रोलरची तक्रारही तशीच होती. वाटेत कोणीतरी ड्रायव्हरला सांगितले होते की इंजिनचा कंट्रोलर गेला, बदलावा लागेल. त्या एका डब्याच्या किमतीत मालकाचे काही महिन्यांचे हप्ते गेले असते.

हे सगळे कंट्रोलर पीळ दिलेल्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात. त्या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, त्यामुळे बॅटरी काढून ओहम मोजायचा मीटर लावला तर ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर मधे कुठेतरी वायर तुटली आहे आणि शून्याच्या जवळ दिसले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत, इतका सरळ हिशेब आहे. आमच्या शेडमध्ये मीटर निमूटपणे ६० दाखवत होता. गाडी उभी असताना सगळे ठीक आणि रस्त्यावर बिघाड, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात त्रासदायक प्रकार आहे, कारण जे तुटलेले नाही ते दुरुस्त करता येत नाही. मी चेसिसच्या कडेने हारनेस, म्हणजे वायरींचा जुडगा, टप्प्याटप्प्याने हलवत गेलो आणि सोबतचा मुलगा मीटरकडे डोळे लावून बसला. बॅटरीच्या पेटीमागे, एअर टँकच्या पट्ट्यापाशी, गिअरबॉक्सच्या वर, कुठेही आकडा हलला नाही. दुसऱ्या दिवशी इंजिनची बाजू पाहण्यासाठी केबिन उचलली, मीटर जोडलेलाच होता, आणि केबिन अर्ध्यावर येताच आकडा १२० वर गेला.

केबिनमधून चेसिसवर उतरताना हारनेस जिथे वाकतो, तिथेच दोष होता. पूर्वीच्या एखाद्या कामात कोणीतरी प्लास्टिकचा टाय चुकीच्या जागी आवळला होता, त्यामुळे प्रत्येक वेळी केबिन उचलताना वायरींना ताण बसत होता. वरचे आवरण नव्यासारखे होते, चिरून पाहिले तेव्हा आत तांब्याच्या तारा तुटलेल्या आणि टोके एकमेकांना जेमतेम टेकलेली. खड्डा आला की ती सुटत, आणि गाडी थांबली की पुन्हा टेकत. तेवढा तुकडा बदलला, जोड सोल्डर करून त्यावर स्लीव्ह चढवली, पीळ पूर्वीसारखा ठेवला आणि टाय योग्य जागी लावला. साहित्याचा खर्च चहापाण्याइतका होता. मालकाने बिल पाहिले, वायरीचा तुकडा पाहिला आणि विचारले, “एवढ्यासाठी दोन दिवस?” मी त्यांना तुटलेल्या तारा दाखवल्या. त्यांचे समाधान झाले असे म्हणवत नाही, पण कंट्रोलर बदलला नाही हे त्यांनी लक्षात ठेवले.

आता सायलेन्सरविषयी लिहिले पाहिजे, कारण आमच्याकडे येणाऱ्या नव्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचे दुखणे तिथेच असते. १ एप्रिल २०२० पासून देशात धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले, आणि बीएस-४ वरून मधली एक पायरी गाळून आपण थेट तिथे पोहोचलो. ज्याला ड्रायव्हर अजूनही सायलेन्सर म्हणतात त्या डब्यात आता काजळी अडवणारा फिल्टर आहे, नायट्रोजनचे ऑक्साइड, म्हणजे नॉक्स, मोडणारा कॅटॅलिस्ट आहे, तापमानाचे आणि नॉक्सचे सेन्सर आहेत, आणि धुरात युरियाचे द्रावण फवारणारा इंजेक्टर आहे. या द्रावणात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकीचे क्षारमुक्त पाणी असावे लागते. खर्च वाचवण्यासाठी काही जण मिळेल ते द्रावण भरतात. खताचा युरिया आणि बोअरचे पाणी मिसळून केलेले द्रावणही टाकीत सापडते. शेतीचा युरिया २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊनच विकला जातो आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार वेगळे सांगायला नकोत. तो सगळा ऐवज कॅटॅलिस्टवर जाऊन बसतो. आमच्याकडे द्रावणाची तीव्रता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर आहे, पण खताचा युरिया नेमक्या प्रमाणात मिसळला असेल तर तोही ३२.५ दाखवतो. भेसळ त्याला दिसत नाही.

परिणामी कोड येतो की सायलेन्सरच्या बाहेरच्या बाजूला नॉक्स जास्त आहे. मग बाहेरचा नॉक्स सेन्सर बदलण्याचा मोह होतो, कारण कोडमध्ये नाव त्याचेच असते आणि तो बदलायला फार वेळ लागत नाही. सेन्सर मात्र खरे तेच सांगत असतो. म्हणून आधी द्रावण तपासायचे, इंजेक्टर काढून मोजपात्रात फवारा सोडायचा आणि ठरलेल्या वेळेत किती मिली येते ते पाहायचे, त्याच्या तोंडावर पांढरे खडे साचले आहेत का ते बघायचे, क्लॅम्पपाशी धूर गळून काळा डाग पडला आहे का ते बॅटरीच्या उजेडात शोधायचे. गळीत हंगामात कारखान्याच्या वाहनतळावर इंच-इंच पुढे सरकणाऱ्या गाड्यांमध्ये हे खडे हमखास होतात, कारण धूर पुरेसा तापत नाही आणि युरियाची नीट वाफ होत नाही. फिल्टरमधली काजळी जाळायला लागणारे तापमानही तशा चालीत मिळत नाही. मग गाडी उभी करून रीजनरेशन करावे लागते, म्हणजे ती काजळी मुद्दाम जाळावी लागते, सायलेन्सरच्या आत ६०० अंशांच्या आसपास उष्णता होते, आणि ते पुरे होईपर्यंत गाडीपाशी थांबण्यावाचून गत्यंतर नसते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, बाहेर पारा ४२ वर असताना, हे काम कोणाच्या वाट्याला येते यावरून आमच्यात रोज थट्टा चालते. २०२५ मध्ये नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, आणि ते फार चांगले झाले. आता तो एसी दुरुस्त करायलाही आम्हीच, त्याच पत्र्याखाली.

वेळेचे पैसे कोण देते, हाही तुमच्या प्रश्नाचाच भाग आहे. गाडी वॉरंटीत असेल तर प्रत्येक कामासाठी कंपनीने ठरवलेला वेळ असतो आणि तेवढ्याच वेळाची मजुरी डीलरला मिळते. त्या तक्त्यात सेन्सर बदलण्याला वेळ आहे, पण तो बदलण्याची गरज नाही हे शोधून काढण्याला दिलेला वेळ फारच तोकडा आहे. जुना भाग चिठ्ठी बांधून जपून ठेवावा लागतो. कंपनीने तो मागवून घेतला, तपासला आणि त्यात दोष सापडला नाही, तर डीलरचा दावा नामंजूर होतो. आम्हाला पगार असतो आणि त्यावर पूर्ण केलेल्या कामांप्रमाणे इन्सेन्टिव्ह. त्यामुळे क्लच प्लेट, ब्रेक लायनर, हब ग्रीसिंग अशी कामे ज्याच्या वाट्याला येतात त्याचा महिना बरा जातो, आणि वायरिंगचा शोध घेण्यात ज्याचा हात चांगला आहे त्याच्याकडे नेमक्या अडलेल्या गाड्याच येतात. ही पद्धत उलटी आहे असे माझे स्पष्ट मत आहे. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक किंवा मोटार मेकॅनिक होऊन आलेली चांगली मुले दोन-तीन वर्षांत हे हिशेब ओळखतात आणि चाकणचा रस्ता धरतात. त्यांना दोष कसा द्यायचा?

पार्टची वाट पाहण्यातही दिवस जातात, पण त्यात सांगण्यासारखे काही नाही: पुण्याहून रात्री निघाला तर सकाळी येतो, नाही तर नाही.

रस्त्याकडेच्या मिस्त्रीकडे हेच काम तासाभरात होते, असेही ऐकवले जाते. काही कामांत ते खरे आहे. पाटे बदलणे, यू-बोल्ट आवळणे, हाउसिंग उतरवणे यांत हायवेवरच्या जुन्या मिस्त्र्यांचा हात आमच्यापेक्षा सरस आहे, आणि मी स्वतः त्यांच्याकडून शिकलो आहे. पण कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, डिझेल १,६०० बारच्या पुढे दाबलेले असते, तिथे नळी सैल करून फवारा पाहण्याची जुनी रीत जिवावर बेतू शकते. आणि कोड नुसता पुसून गाडी चालती करून देणे ही दुरुस्ती नव्हे. ती गाडी तुळजापूरच्या घाटात पुन्हा उभी राहते आणि मग ब्रेकडाउन व्हॅन घेऊन आम्हीच जातो.

या सगळ्यात ज्याचे हाल होतात आणि ज्याला कोणी विचारत नाही, तो ड्रायव्हर. त्याचे घर म्हणजे केबिन, आणि कामासाठी ती आम्हाला उचलावी लागते. त्याआधी तो आपला स्टोव्ह, पाण्याचा कॅन, अंथरूण, तांदळाचा डबा आणि काचेपुढची देवाची तसबीर एकेक करून खाली उतरवतो, आणि रात्री शेडच्या कडेला पुठ्ठ्यावर झोपतो. निम्म्याहून अधिक बिघाडांचा पत्ता त्याच्याच बोलण्यातून लागतो. सोलापूरकर असण्याचा फायदा असा की आमच्यात कोणी ना कोणी तेलुगू आणि कन्नड बोलणारा असतोच. मालक फोनवर “पॉवर कमी आहे” एवढेच सांगतात, तर ड्रायव्हर सांगतो की चढावर नाही, खड्ड्यात जाते, आणि गाडी तापल्यावर जास्त जाते. तेवढ्याने आमचा अर्धा दिवस वाचतो.

म्हणून गाडी पाठवताना ड्रायव्हरला अर्धा तास आमच्याजवळ थांबू द्या. बिघाड भरलेल्या गाडीतच होत असेल तर माल उतरवण्याआधी आणा, कारण रिकाम्या गाडीवर इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचा दाब पुरता चढत नाही आणि ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजमधली चीर उघडत नाही. वाटेत बॅटरीची वायर काढू नका. आणि कोणी कोड पुसून दिला असेल तर तेही सांगा, आम्ही कोणावर रागावत नाही. कोडसोबत त्या क्षणाचा वेग, तापमान आणि दाब यांची नोंद असते, ती पुसली गेली की गाडी रस्त्यावर नेऊन तोच बिघाड पुन्हा घडवून आणावा लागतो, आणि तुमचा दुसरा दिवस बहुतेक वेळा त्यातच जातो.