नाक्यावरचे मानकुराद

गेल्या एप्रिलमध्ये न्यूअर्क विमानतळावर मी माझ्या विमानातल्या सगळ्यांत जवळजवळ शेवटी बाहेर पडले. इमिग्रेशनच्या लांबलचक रांगेत ताटकळलेले, व्हीलचेअरवरचे एक आजोबा, दोन रडक्या पोरांना घेऊन आलेली माझ्या मागच्या सीटवरची बाई, सगळे माझ्याआधी गेले. आणि ग्लोबल एंट्री होती माझ्याकडे. म्हणजे अमेरिकेच्या सरकारने आधीच चौकशी करून ‘ही बाई भरवशाची आहे, हिला पटकन सोडा’ असं ठरवलेली मी.

कारण होते सहा आंबे. त्यावर येतेच, पण आधी हा भरवसा मिळवायला काय काय केलं ते सांगते. ऑफिसातल्या दोघीतिघी विचारत असतात.

मी गोव्यातल्या वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटीचं काम करते. वर्षातून दोनदा, कधी तीनदा न्यू जर्सीला जावं लागतं. 2023 च्या पावसाळ्यात अर्ज केला. तेव्हा फी 100 डॉलर होती, ऑक्टोबर 2024 पासून 120 झाली. नकार आला तरी पैसे परत नाहीत. एकदा मिळालं की पाच वर्षं. भारतीयांना ही सोय 2017 पासून आहे, पण आमच्यासाठी एक जादा पायरी आहे: आपल्या पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर ग्लोबल एंट्रीसाठी म्हणून वेगळी पार्श्वभूमी पडताळणी करून घ्यायची. त्यात पोलीस आले.

त्याआधी अर्जातला एक रकाना. आजवर वापरलेली सगळी नावं लिहा, असं त्यात होतं. माहेरचं आडनाव लिहिलंच. पण आमच्याकडे लग्नात पहिलं नावही बदलतात. ताटातल्या तांदळात नवऱ्याने अंगठीने लिहिलेलं ते नाव कुठल्याही कागदावर नाही, आणि सासरच्या चार म्हाताऱ्या बायका सोडल्या तर कोणी त्या नावाने हाकही मारत नाही. ते लिहायचं की नाही यात माझे दोन दिवस गेले. नवरा म्हणाला, “तांदळातलं नाव अमेरिकेला कशाला?” मी लिहिलं. क्वालिटीतल्या माणसाला रकाना रिकामा सोडवत नाही.

पडताळणीला आलेला पोलीस स्कूटर तिठ्यावरच्या दुकानापाशी लावून पासपोर्टवरच्या नावाने माझी चौकशी करत होता. दुकानदार म्हणाला, अशी कोण बाई वाड्यावर नाही. मी लग्न होऊन या गावात आले त्याला सतरा वर्षं झाली, रोजचं दूध त्याच्याचकडून घेते. पण त्याच्या लेखी मी ‘मास्तरांची सून’. पोलिसाने सासऱ्यांचं नाव सांगितल्यावर मात्र तो स्वतः दुकान टाकून त्याला घरापर्यंत घेऊन आला, आणि साक्षीदार म्हणून सहीही त्यानेच केली.

त्या दिवशी आजी ओसरीवर बसल्या होत्या. आजी म्हणजे माझ्या आजेसासूबाई, आज अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. पोलीस कशाला आलाय विचारलं, तर मी म्हटलं, अमेरिकेच्या नाक्यावर मला लवकर सोडायला. ‘नाका’ हा शब्द त्यांना लगेच कळला. त्या बांद्याच्या, लग्न करून पेडण्यात आलेल्या. तेव्हा मधे पोर्तुगीजांची सरहद्द. माहेर दोन-तीन तासांच्या चालीवर, आणि 1955 च्या ऑगस्टमध्ये पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यानंतर वाट बंदच. वडील गेले ते त्यांना पंधरा दिवसांनी कोणाकडून तरी कळलं. त्या पुन्हा बांद्याला गेल्या त्या 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाल्यानंतरच. आज मोपाचा विमानतळ आमच्या घरापासून जेमतेम वीस मिनिटं आहे आणि पत्रादेवी त्याच्या पलीकडे थोडी. विमान वर चढतं तेव्हा बांदा कुठे हे मी दर वेळी खिडकीतून शोधते, पण झाडांत काही कळत नाही.

असो. पडताळणी झाली, काही आठवड्यांनी सशर्त मंजुरी आली. मुलाखत तेवढी राहिली. त्यासाठी वेगळी वेळ घ्यावी लागली नाही, पुढच्या खेपेला उतरल्या उतरल्या तिथेच होते. दहा बोटांचे ठसे, फोटो आणि पाच-सहा प्रश्न. काम काय, इतक्यांदा का येता, कस्टम्समध्ये कधी काही सापडलंय का. सात-आठ मिनिटांत आटपलं. घरात सगळे त्याला ‘कार्ड’ म्हणतात, पण हाती येतो तो नऊ आकडी नंबर. विमानतळावर कार्ड काढावंच लागत नाही, यंत्र चेहरा बघतं. तोच नंबर तिकिटात घातला की अमेरिकेतल्या देशांतर्गत प्रवासात सुरक्षा तपासणीची वेगळी रांग मिळते. बूट काढायचे नाहीत, लॅपटॉप बाहेर काढायचा नाही. बुटांचं सुख मात्र जुलै 2025 पासून सगळ्यांनाच मिळालंय.

तर आंबे.

माझी नणंद न्यू जर्सीत असते. एप्रिलमध्ये आमच्या दारच्या मानकुरादाचे पहिले आंबे उतरले. बाजारात त्या दिवसांत मानकुरादाचा डझनाचा भाव ऐकून माणूस न विचारल्यासारखा पुढे सरकतो. सासूबाईंनी नणंदेसाठी पाठवते म्हटलं तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, “आई, आंबे नेता येत नाहीत. पकडतात.” त्यांनी मान डोलावली. आमच्या आईंनी मान डोलावली म्हणजे ऐकून घेतलं, एवढाच त्याचा अर्थ.

विमानात, अटलांटिकवर कुठेतरी, शाल काढायला केबिन बॅग उघडली आणि वास आला. पंचात गुंडाळलेले सहा. एकेक वेगळा गुंडाळलेला, देठ खाली. मुंबईला सुरक्षा तपासणीत कोणी विचारायचा प्रश्नच नव्हता, आंबा म्हणजे काही कात्री नव्हे.

आता हा नियम आपल्याकडे फार जणांना माहीत नसतो म्हणून सांगते. अमेरिकेत आपले आंबे विकायला जातात, 2007 पासून, पण ते विकिरणाची, म्हणजे किरणांचा मारा करण्याची, प्रक्रिया करून. कोयीत किंवा गरात कीड असेल तर ती तिथल्या बागांत जाऊ नये म्हणून. प्रवाशाच्या पिशवीतल्या आंब्यावर ती प्रक्रिया झालेली नसते, म्हणून तो चालत नाही. हे मला पटतं. कोय चोखताना आत भुंगा निघालेला आम्ही सगळ्यांनी पाहिलाय.

आणि ज्याच्याकडे हे भरवशाचं कार्ड आहे त्याला धोका जास्त. साध्या प्रवाशाकडे न सांगितलेलं फळ सापडलं तर दंड. आमच्याकडे सापडलं तर दंड आणि कार्डही जाऊ शकतं. 2018 मध्ये पॅरिसहून मिनिआपोलिसला उतरलेल्या एका बाईला विमानातच दिलेलं सफरचंद बॅगेत राहिलं म्हणून 500 डॉलर दंड झाला होता. ग्लोबल एंट्रीही जाईल म्हणून ती धास्तावली होती. ती बातमी वाचून मी तेव्हा हसले होते.

विमानात खाऊन टाकावेत असंही मनात आलं. एक खाल्ला, टिशू पेपरवर, प्लॅस्टिकच्या चमच्याने. मानकुराद असा खायचा नसतो. पाच उरले, आणि कोय पिशवीत घातली.

न्यूअर्कला यंत्रासमोर उभी राहिले, फोटो निघाला, पुढे जा म्हणून खूण आली. हेच मला त्या यंत्राचं खटकतं. पूर्वी ते पडद्यावर ‘फळं, बिया, मांस आहे का’ असं विचारायचं म्हणे. आता ते काहीच विचारत नाही, आपण होऊन पुढच्या अधिकाऱ्याला सांगायचं असतं. न विचारता सांगणं किती जड जातं हे तिथे कळतं. अधिकाऱ्याने माझं नाव घेतलं आणि तो हाताने ‘जा’ म्हणालासुद्धा. मी उभी राहिले. म्हटलं, माझ्याकडे पाच आंबे आहेत, आणि एक कोय.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग एका कागदावर काहीतरी लिहून त्याने मला शेतीमालाच्या तपासणीकडे पाठवलं. तिथे सत्तर मिनिटं. दोन्ही बॅगा क्ष-किरणातून गेल्या. हातमोजे घातलेल्या बाईने आंबे एकेक करून पंचातून सोडवले, एक सुरीने कापला, कोयीपर्यंत उभा. सगळा कोपरा घमघमला. तिने विचारलं, ही जात कुठली? मी म्हटलं, मानकुराद, गोव्याचा. 2023 मध्ये याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, हेही सांगून टाकलं, का कोण जाणे. ती म्हणाली, वास फार छान आहे, आणि पाचही पिवळ्या पिशवीत टाकले. पंचा परत दिला. सांगितलं होतं म्हणून दंड नाही, नोंद नाही, कार्ड शाबूत.

नणंद बाहेर दोन तास उभी होती. तिने तो पंचा नाकाशी धरला आणि काही बोलली नाही.

हा भरवसा किती अरुंद असतो ते त्याआधी, 2024 मध्येही एकदा पाहिलं होतं. माझा मावसभाऊ बफेलोला असतो, ग्रीन कार्डवाला. त्याच्याकडे नेक्सस आहे, कॅनडा आणि अमेरिका यांच्यामधली ये-जा करणाऱ्यांचं. त्याचं मात्र खरंखुरं कार्ड असतं, आत चिप, गाडीच्या खिडकीतून यंत्राला दाखवायचं. नायगाऱ्याला एक जुना पूल आहे, व्हर्लपूल रॅपिड्स ब्रिज. वरून आगगाडी, खालून मोटारी, आणि मोटारी फक्त नेक्ससवाल्यांच्या. भाऊ सवयीने तिकडेच निघाला. पुलाजवळ आल्यावर वहिनी एकदम ओरडल्या, “अहो, हिचं काय?” गाडीतल्या प्रत्येकाकडे नेक्सस लागतं, तान्ह्या पोराकडेसुद्धा. माझी ग्लोबल एंट्री तिथे बिनकामाची, कॅनडाचा व्हिसा पासपोर्टवर होता तरी. तसंच गेलो असतो तर त्यांचीच कार्डं धोक्यात आली असती. गाडी वळवून रेनबो ब्रिजवर आलो आणि चाळीस मिनिटं रांगेत काढली. भाऊ माझ्यावर चिडला नाही, पण एफएम लावला.

आपल्याकडेही असं निघालंय, आणि ते फुकट आहे. फास्ट ट्रॅक इमिग्रेशन. दिल्लीत 22 जून 2024 ला सुरू झालं, मुंबईसह सात ठिकाणी जानेवारी 2025 मध्ये, आणखी पाच सप्टेंबरात. या तेरांत गोवा नाही, पण मी मुंबईवरूनच जाते म्हणून नाव घातलं. पाच वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी येईल ते. (डिजियात्रा वेगळी, ती देशातल्या विमानांसाठी. आमच्या वाड्यावर दोन्ही एकच समजतात.) मुंबईला ठसे द्यायला गेले तर यंत्र माझी बोटंच घेईना. दिवसातून वीस वेळा सॅनिटायझर, वर रविवारी आदोळीवर, म्हणजे विळीवर, नारळ. तिथला माणूस म्हणाला, “मॅडम, बोट कपाळाला घासा.” घासलं. लगेच घेतलं.

नोव्हेंबरात पुन्हा जायचं होतं. आदल्या रात्री मी बॅग ओसरीवर उलटी केली, सासूबाईंच्या देखत. कपड्यांच्या घडीतून सोलांची, म्हणजे आमसुलांची, पुडी निघाली, वर्तमानपत्रात बांधलेली, दोऱ्याचे तीन वेढे.

“ही वाळलेली आहेत,” त्या म्हणाल्या. “यात कीड कुठून येणार?”

मी म्हटलं, “असू देत. मी तिथे सांगीन.”

“म्हणजे पुन्हा तासभर?”

“पुन्हा तासभर.”

आजी खाटेवरून म्हणाल्या, “मग दोन पुड्या दे. तासभर बसायचंच आहे तर.”