अडखळते म्हणे!

नागपुरात सीताबर्डी ते खापरी, मेट्रोत बसायला मिळालं तर माझी पंधरा पानं होतात. उभं राहावं लागलं तर सात-आठ. बहुतेक कादंबऱ्या मी अशाच वाचल्यात. त्यांच्यावर लिहायचं मात्र रात्री, कूलरच्या घरघरीत.

सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'वर लिहिलं तेव्हा माझं पहिलं वाक्य होतं, '२००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी...' मग शिकूनही बेकार राहिलेला एकनाथ, शेती, घरातली ओढाताण. दोन परिच्छेद नुसतं कथानक. शेवटी एक शहाणी ओळ: 'वऱ्हाडी बोलीमुळे वाचन अधूनमधून अडखळते.'

आईनं ते मोबाइलवर वाचलं. तिचं माहेर दारव्ह्याकडचं.

"अडखळते म्हणे! तुह्या आजीची बोली हाये थे. काऊन अडखळते?"

मी गप्प. संध्याकाळी मेथी निवडता निवडता म्हणाली, "वाच मोठ्यानं." कादंबरीतलं वाचलं. आकाशवाणीवर बातम्या देतात तसं वाचतेय, हे दुसऱ्याच ओळीला माझं मलाच कळलं. तिनं थांबवलं आणि तीच ओळ आपल्या चालीवर म्हणून दाखवली. मी जिला रडगाणं समजले होते, तो सरळ सरळ टोमणा होता! आणि मी परीक्षण लिहून मोकळी.

तेव्हापासून ग्रामीण कादंबरी हाती आली की पेन्सिलीनं एकच गोष्ट टिपते: बोली कुठे थांबते? पुष्कळ ठिकाणी ती अवतरणचिन्हांतच कोंडलेली असते. पात्रं वऱ्हाडी बोलतात आणि निवेदक पाठ्यपुस्तकासारखा. गावाची धूळ पात्रांच्या अंगावर, लेखक स्वतः इस्त्रीच्या शर्टात. यावर मी अलीकडे जरा खडूसपणे लिहिते. पण निवेदकच शिकून गावाबाहेर पडलेला असेल, तर तो तुटलेपणा खराही असतो. मी तरी घरी एक बोलते, ऑफिसात दुसरं.

आई मात्र सगळ्याच पुस्तकांना ही परीक्षा लावत नाही. शहरी कादंबरीचं एक पान ऐकलं की म्हणते, "याच्यात कोणी जेवत नाही का?" तेही मी टिपून ठेवलंय.

सध्या नंदा खरे यांची 'उद्या' सुरू आहे. तिला मिळालेला २०२० चा अकादमी पुरस्कार त्यांनी नाकारला, त्यामुळे माझं नेहमीचं पहिलं वाक्य आयतंच गेलं. दुसरं अजून सुचलेलं नाही.