निवेदन स्वीकारल्यानंतर

शिवाजी विद्यापीठात निवेदन देण्याचा क्रम आता कोल्हापूरकरांच्या अंगवळणी पडला आहे. पुतळ्यासमोर घोषणा होतात, चार-पाच जणांचे शिष्टमंडळ मुख्य इमारतीत जाते, निवेदन देतानाचे छायाचित्र निघते आणि स्थळप्रतीवर आवक विभागाचा शिक्का पडतो. ते निवेदन संबंधित टेबलावर पोहोचण्याआधीच छायाचित्र तालुक्यातालुक्यांतील व्हॉट्सॲप गटांवर फिरलेले असते. विद्यापीठाची बाजू मात्र दुसऱ्या दिवशी 'समिती नेमून निर्णय घेऊ' एवढ्या एका वाक्यात छापून येते. वाद चिघळतो तो बहुधा या मधल्या वेळेत.

नावाचेच घ्या. 1962 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या नावात 'छत्रपती' आणि 'महाराज' हे शब्द असावेत, या मागणीसाठी 2025 मध्ये शहरात मोर्चा निघाला आणि आहे तेच नाव राहावे म्हणणारेही तितक्याच हिरिरीने पुढे आले. वास्तविक विद्यापीठाचे नाव महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 च्या अनुसूचीत आहे. ते बदलायचे तर निर्णय शासनस्तरावर, कायद्यात दुरुस्ती करूनच होऊ शकतो. अधिकार कोणाचा आणि विद्यापीठाच्या हाती काय, हे सांगणारे एक पान आधीच तयार असेल, तर ते त्याच दुपारी प्रसिद्ध करता येते. मोर्चा त्याने थांबणार नाही, पण निदान तो योग्य दारावर जाईल.

नामांतराचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी केला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नामविस्तार झाला तो 14 जानेवारी 1994 रोजी. ठराव योग्यच होता. त्याची झळ सर्वांत आधी कोणाला बसेल, याचा विचार आणि त्यांच्या संरक्षणाची तजवीज ठरावाआधी व्हायला हवी होती, असे मला वाटते.

विद्यापीठाने प्रत्येक सार्वजनिक प्रश्नावर भूमिका घ्यावी का, हा वाद तसा जुनाच आहे. शिकागो विद्यापीठाच्या समितीने 1967 मध्येच असे मत दिले, की मते मांडावीत ती प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी, संस्थेने शक्यतो तटस्थ राहावे. 2024 मध्ये हार्वर्डनेही आपल्या मुख्य कार्याशी संबंध नसलेल्या विषयांवर अधिकृत निवेदने न काढण्याचे ठरवले. मला हे धोरण पटते, मात्र ते वाद नसताना ठरलेले आणि अधिसभेत (सिनेटमध्ये) चर्चिलेले असावे. ऐन गोंधळात स्वीकारलेली तटस्थता ही अंग काढून घेणेच ठरते. शिवाय आपल्या आवारातील परिसंवाद, नाटक किंवा व्याख्यान कोणी उधळले, तर तिथे तटस्थतेचा प्रश्नच येत नाही: परवानगी कोणी दिली, बंदोबस्त कोणी मागायचा आणि वक्त्याच्या पाठीशी कोणी उभे राहायचे, हे आधी लिहून ठेवलेलेच असले पाहिजे.

एकट्या विद्यार्थ्याच्या तक्रारीचे काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार तक्रार निवारण समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यावर विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे अपील करता येते. ही वाट किती वसतिगृहांतील मुलांना ठाऊक आहे, याविषयी मला शंकाच आहे. मोर्च्याला लगेच भेट मिळते आणि एकट्या मुलीला पुढची तारीख मिळते, हे मुले पाहत असतात. पुढच्या वेळी तीही एखादी संघटना गाठतात. समितीच्या सदस्यांची नावे, लोकपालाचा संपर्क आणि निकाली निघालेल्या तक्रारींची संख्या नावे वगळून दर सत्राला वसतिगृहाच्या फलकावर लावायला विद्यापीठाला फारसा खर्च येणार नाही.